गोधडोबाचा दुसरा भाग

माझ्या घशात बेडूक आहे, असं आई म्हणायची. त्याच बेडकाच्या जिवावर मी पोट भरते: परदेशी सिनेमांना आवाज देते. गोधडोबा म्हणजे मीच! तोच तो, पलंगाखाली राहणारा चिंध्यांचा राक्षस, सिनेमातल्या मुलीला पाठीवर घेऊन ढगांतून हिंडवणारा. पोरं नुसती वेडी झाली होती त्याच्यापायी.

आमची टिल्ली तर झोपवताना गोधडोबाचाच आवाज मागते. टिल्ली माझी भाची. तिचे वडील, म्हणजे आमचे बंधुराज, दुसरा संसार थाटून बसलेत. वहिनी नोकरीवरून येईपर्यंत पोर माझ्याकडे असते. "बाबा कधी येणार?" असं तिनं विचारलं की मी म्हणते, "येईल गं, कामात आहे." खरं सांगायची आमची कुणाची छातीच होत नाही.

आणि आता हा दुसरा भाग. मेल्यांना कुठून अवदसा आठवली कोण जाणे! मुलगी परत येते, तर गोधडोबा ढगांच्या राजाचा शिपाई झालेला. तिला कोठडीत ढकलतो आणि म्हणतो, "मी तुला ओळखत नाही."

"अहो, हे लहान मुलांचं आहे ना?" मी काचेपलीकडच्या दिग्दर्शकाला विचारलं.

"ताई, वाक्य घ्या. थंड हवंय. माया नको."

घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं. शब्द पडद्यावरच्या ओठांशी जुळले, पण आवाज काही थंड होईना. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "चालेल."

टिल्लीला हा सिनेमा दाखवायचाच नाही, असं मी ठरवलं होतं. पण वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या म्हटल्यावर ती कसली ऐकते! थिएटरात ते वाक्य आलं आणि आजूबाजूच्या पोरांनी भोकाड पसरलं. मी टिल्लीचा हात घट्ट धरला. बाईसाहेब निवांत पॉपकॉर्न खात होत्या.

"भीती नाही वाटली?" बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी विचारलं.

"छे! ओळखतो तो तिला. खोटं बोलत होता."

"तुला गं काय माहीत, शहाणे?"

"तू खोटं बोललीस की असाच मऊ आवाज काढतेस. 'कामात आहे' म्हणतेस ना, तसाच."

मी तिथंच पायरीवर बसले. तीही शेजारी बसली.

"आत्या, बाबा येणार नाही ना?"

"नाही गं बाळा," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हं. हे खरंय." आणि मग मात्र रडायला लागली.