हिरव्या रंगाचे दोन हात

मित्रांनो, मी बाटल्यांना पत्र्याची बुचं बसवणारी एक जुनी हातमशीन आहे. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बंद केली, म्हणून आज माझंच तोंड उघडलेलं पाहून तुम्हाला गंमत वाटेल. वाटू द्या. मी अंगाने जड असले तरी माझी गोष्ट काही जड नाही.

कामठी रोडवरच्या एका कारखान्यात वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. कानशीने घासलं, लांब दांडा जोडला, हिरवा रंग दिला आणि मी तयार झाले. खाली बाटली उभी करायची, तिच्या तोंडावर बूच ठेवायचं आणि दांडा दाबायचा, की बुचाच्या कडा मुडपून घट्ट बसतात. एवढीच माझी विद्या, पण ती मला पक्की येते.

१९७३ साली नागपुरातल्या नवश्रम लोकविद्यालयाने मला आणलं. हे विद्यालय कामकरी माणसांचं. तिथे पदव्या मिळत नसत, हाताला उपयोगी पडेल असं काही शिकायला मिळे. सरकारी अनुदानातून तिथे बायकांसाठी फळांचं सरबत करून टिकवण्याचा वर्ग निघाला होता. अनुदान दोन वर्षांचं, पण पहिल्या वर्षानंतर तपासणी. ती नीट पार पडली तर दुसरं वर्ष मिळणार आणि शेवटी सगळं सामान वर्गातल्या बायकांच्या मंडळाला मिळणार. नाही तर वर्ग बंद आणि माझी रवानगी दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत.

वर्गात बारा बायका होत्या. त्यांतली बायजाबाई संत्रा मार्केटात फळं निवडायची. मार्च सरला की मार्केट ओस पडे आणि तिच्या हाताला काही महिने काम नसे. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं आणि लिंबाचं सरबत बाटल्यांत भरून विकता आलं, तर ते रिकामे महिने भरून निघतील, या आशेवर ती रोज दुपारी मार्केटातून चालत यायची. पहिल्याच दिवशी तिने दांडा असा आपटला की बाटलीची मान मोडली.

तिची मैत्रीण गोपिका हसून म्हणाली, "काहून वं बायजा, बाटलीचा गळा दाबून राहिली का सासूचा?"

सगळ्या हसल्या, बायजाबाई मात्र रडवेली झाली. शिकवणाऱ्या प्रेमलताबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झटका नाही द्यायचा. एका दमात खाली आणा, मग सोडा."

त्यानंतर तिच्या हातून फारशा बाटल्या फुटल्या नाहीत. वर्षभरात ती माझ्याकडे न बघता, गोपिकेशी गप्पा मारत बुचं लावू लागली. संत्र्याच्या आंबट रसाने माझ्या बैठकीचा रंग खाल्ला. बारा जणींच्या तळव्यांनी दांड्याचा रंग उडवला आणि त्या जागी लोखंड गुळगुळीत होऊन चकाकू लागलं. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. खरं सांगते, त्या बायका मला फार आवडायच्या.

डिसेंबरात तपासणीचं पत्र आलं आणि आमचे प्राचार्य वामनराव घाबरले. माणूस सोन्यासारखा, पण साहेब येणार म्हणजे घरी लग्नच निघालं, अशी त्यांची समजूत. भिंतींना चुना लागला. जमीन चिकट होऊ नये म्हणून वर्गाला सुट्टी दिली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "अहो चंपतराव, ही अशी कळकट मशीन साहेबांना दाखवायची का?" असं म्हणून त्यांनी शिपाई चंपतरावांना हिरव्या रंगाचा डबा आणायला लावला. माझ्यावर रंगाचे दोन हात बसले. मीही जरा फुशारले, ते आता कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून साहेब आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, रंगाचा वास घेतला आणि विचारलं, "किती दिवस झाले आणून?"

"वर्ष झालं," वामनराव अभिमानाने म्हणाले. "पण बघा, अगदी नवीसारखी ठेवली आहे."

"तेच बघतोय. ही वापरलेलीच नाही."

वामनरावांनी घाईघाईने हजेरीचं पुस्तक पुढे केलं. साहेबांनी ते उघडलंसुद्धा नाही. "हजेरी कागदावर असते. मशीन खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं: सामान पडून आहे, परत घ्यावं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मित्रांनो, त्या दिवशी मी खोटंच बोलत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लोखंडाला कुठला आवाज. मला माझ्या नव्या रंगाची लाज वाटली.

प्रेमलताबाईंनी साहेबांना चहाला बसवलं आणि चंपतरावांना सायकलवर मार्केटात पिटाळलं. थोड्या वेळाने बायजाबाई आणि गोपिका धापा टाकत आल्या. अंगावर कामाचीच लुगडी होती. माझ्याकडे पाहून बायजाबाई दारातच थबकली.

"हिले कोनं रंगवलं जी?"

"सरांनी सांगतलं, म्या रंग देल्ला," चंपतराव खाली मान घालून म्हणाले.

बायजाबाई साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, वर्षभर शिकून राहिलो आम्ही हिच्यावर. ही मशीन गेली तं उन्हाळ्यात मी काय करू जी? मार्केट तं बंद राह्यते."

तिने बाटली ठेवली, बूच ठेवलं आणि दांडा एका दमात खाली आणला. एक बाटली, दुसरी, तिसरी. बघता बघता बारा झाल्या आणि एकही फुटली नाही. थंडीत रंग वरवर सुकला होता, आतून कच्चाच होता. त्या गुळगुळीत लोखंडावर तो टिकणार कसा? तिने हात उचलला तेव्हा तळवा हिरवागार झाला होता, आणि दांड्यावर तिच्या मुठीएवढी जागा लखलखत होती.

साहेब उठून जवळ आले. त्यांनी त्या जागेवर स्वतःची मूठ ठेवून पाहिली. मग वही काढून मघाची ओळ खोडली. जाताना वामनरावांना एवढंच म्हणाले, "प्राचार्य, पुन्हा हिला रंगवू नका."

दुसरं वर्ष मिळालं, आणि ते संपल्यावर मी मंडळाच्या खोलीत राहायला गेले. आज १९८६ साल आहे. मंडळात विजेवरची मोठी मशीन आली, तिचं कौतुक होतं, होऊ दे. छोट्या बाटल्या अजून माझ्याकडेच येतात. मुलांनो, तुमच्या घरात, शाळेत अनुदानाचं, बक्षिसाचं, हौसेचं काही आलं, तर ते फडक्याखाली झाकून ठेवू नका. त्याला तेल द्या, पुसा आणि कामाला लावा. वापराने पडलेले डाग लपवू नका, कुणी मोठा माणूस येणार असला तरी.

सध्या एप्रिल चालू आहे. संत्रा मार्केटात शुकशुकाट आहे, आणि बायजाबाई सकाळपासून माझ्यासमोर बसली आहे. आज तिला अजिबात उसंत नाही.