भुयारातला कासवदिवा

मी एक जुना दिवा आहे, आणि सध्या विझलेला आहे. विझलेल्या दिव्याला दुसरे काम नसते, म्हणून आज माझी हकीकत सांगायला बसलो आहे. मित्रांनो, आवाज थोडा दमलेला वाटला तर समजून घ्या. मी फार वर्षे जागा होतो.

रोमबाहेर एका द्राक्षमळ्याखाली माझे घर आहे. येथे जमिनीच्या पोटात भुयारे आहेत. ख्रिस्ती धर्म नवा होता तेव्हा या भागातल्या ख्रिस्ती लोकांनी आपली माणसे येथे पुरली. येथला दगड कुदळीने सहज कापला जातो आणि हवा लागली की कडक होतो. त्यात त्यांनी अरुंद बोळ खणले. बोळांच्या दोन्ही बाजूंना, एकावर एक, माणूस आडवा मावेल एवढे कोनाडे कोरले. आता बहुतेक कोनाडे उघडे आणि रिकामे आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. जाड काचेचे फुगीर झाकण, त्यावर लोखंडी तारांची जाळी आणि मागे ओतीव लोखंडाची बशी, असा माझा देह. पाठ अशी रेघांची आणि फुगलेली, म्हणून इथले लोक अशा दिव्याला कासव म्हणतात. तळघरात कासव, बोटीच्या इंजिनघरात कासव, जिथे ओल तिथे कासव. माझी भावंडे बंदरावर गेली. मला मात्र एका वायरमनने पिशवीत घालून जमिनीखाली आणले आणि बोळाच्या टोकाच्या एका लहान खोलीत ठोकले. समोर, अगदी हातभर अंतरावर, भिंतीवर रंगवलेले एक चित्र होते.

चित्रात एक बाई उभी आहे. गेरूच्या रंगाचा पायघोळ अंगरखा, दोन्ही हात कोपरापासून वर उचललेले, तळवे आपल्याकडे. त्या काळी प्रार्थना अशी करत. पायाशी दोन कबुतरे. तिचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

माझ्या आधी इथे येणारे लोक हातात मेणाच्या बारीक वाती घेऊन येत. त्यांची काजळी अजून छताला आहे. मला पहिल्यांदा लावले तेव्हा वरच्या मठातल्या सिस्टरांच्या प्रमुख, वृद्ध मदर खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, की चला, आता धूर नाही, बिचारीचा चेहरा स्वच्छ राहील. ते कौतुक मी बरीच वर्षे मनात जपले. एवढ्या जुन्या चित्राची राखण आपल्याकडे आली, असे मला वाटत होते.

मदर गेल्या. दारावर तिकिटे फाडायला सिस्टर इमेल्दा आल्या आणि लोकांना खाली आणायला नेव्हिओ आला. तेव्हा तो तरुण होता. भर उन्हाळ्यातही तो लोकरी बंडी घाली, कारण वर कितीही ऊन असले तरी खाली थंडी तशीच राहते. या चित्रातल्या बाईला त्याने शेजारीणबाई असे नाव दिले. आपल्या खऱ्या शेजाऱ्यांपेक्षा हिचेच तोंड आपण जास्त बघतो, असे तो लोकांना सांगे, आणि लोक हसत.

लोकांचे प्रश्न कधी बदलले नाहीत. हाडे कुठे गेली? इथे कुणी लपून राहत असे का? कुणी हरवते का? या शेवटच्या प्रश्नावर नेव्हिओचे उत्तर ठरलेले होते.

"हरवतात ना कधीमधी. म्हणून तर सिस्टर तिकीट आधी फाडतात."

पुन्हा हशा. मग तो माझ्याखालच्या भिंतीला पाठ टेकून सगळे पहिल्यापासून सांगू लागे. वर्षे गेली तसा त्याचा घसा बसत गेला आणि भिंतीला टेकणे वाढत गेले. पूर्वी लोकांच्या दोन तुकड्यांच्या मधे तो मला विझवत असे. पुढे गर्दी वाढली, बटण सैल झाले, आणि कोण सारखे उठबस करणार म्हणून मला सकाळी लावले की संध्याकाळपर्यंत तसेच ठेवू लागले. मी तापत असे. जाळीवर धूळ भाजत असे. तक्रार करायला जागा नव्हती, कारण नेव्हिओही माझ्याइतकाच उभा होता.

मग एके दिवशी शेजारीणबाईंच्या डाव्या हाताजवळ मला हिरवट झाक दिसली. आधी वाटले, माझीच काच मळली असेल. पण ती झाक वाढत गेली, मनगटावर चढली आणि बोटांकडे निघाली.

नेव्हिओनेही ती पाहिली. तो कुणाला काही बोलला नाही. लोकांना तो खोलीच्या अशा कोपऱ्यात उभे करू लागला, की त्यांना तो हात नीट दिसू नये. एका आजोबांनी विचारलेच, तेव्हा तो जुना रंग आहे असे त्याने ठोकून दिले.

त्याला भीती कशाची होती, ते मला ठाऊक होते. भुयारांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने आदल्या हिवाळ्यात कळवले होते, की या भुयारात दाखवण्यासारखे हे एकच चित्र आहे आणि ते दाखवता आले नाही, तर लोकांसाठी दार बंद होईल. दार बंद झाले की नेव्हिओचे काम गेले. त्याच्या वयाच्या, खोकणाऱ्या माणसाला मोठ्या भुयारांत कोण घेणार? सिस्टर इमेल्दांचा मठही या दारामुळेच चालू होता. तो बंद झाला, तर त्यांना दूर उत्तरेकडच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी पाठवणार होते.

सिस्टरांच्या कानावर मात्र त्याने ते घातले. दोघे माझ्याखाली उभे होते.

"वरच्या मळ्याचं पाणी झिरपत असणार," नेव्हिओ म्हणाला. "ओल आहे, दुसरं काय? मी पुसून काढतो."

"कशानं पुसणार? पाण्यानं?"

"पाणी नको. पावानं. ईस्टरच्या आधी आमची आई घरातल्या भिंती पावाच्या गाभ्यानं पुसायची. काजळीसुद्धा निघायची."

"आणि मग तोच पाव तुला खायला घालायची. म्हणून तुझं असं झालंय," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधी तो आदल्या दिवशीचा गोल पाव घेऊन खाली आला. कवच बाजूला काढले, आतला मऊ गाभा मुठीत मळला आणि अगदी हलक्या हाताने भिंतीवर टेकवून उचलला. हिरवे निघाले. हात पुन्हा दिसू लागला. त्या दिवशी नेव्हिओने लोकांना पुन्हा समोर उभे केले आणि घसा बसेपर्यंत बोलला.

महिनाभरात हिरवे परत आले, पूर्वीपेक्षा दाट, आणि सोबत पांढरी लव घेऊन. आता मला त्या लवेचे कारण माहीत आहे. पावाचे न दिसणारे कण चुन्याच्या बारीक भेगांत अडकले होते आणि बुरशीला आयते जेवण मिळाले होते. तेव्हा आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हते. नेव्हिओने पुन्हा पाव आणला. असे बऱ्याचदा झाले. प्रत्येक वेळी त्याला थोडे जास्त दाबावे लागे.

एका सकाळी त्याने भिंतीवरून मूठ उचलली आणि पावाकडे पाहत राहिला. गाभ्याला हिरव्याबरोबर तांबूस रंग लागला होता. त्याने चित्राकडे पाहिले. शेजारीणबाईंच्या करंगळीचे टोक नव्हते.

त्याने मला विझवले. पुढे बघवत नसावे. मग अंधारात तो खाली बसला. वर लोक जमले होते. बराच वेळ तो वर आला नाही, म्हणून सिस्टर इमेल्दा हातात टॉर्च घेऊन, गुडघ्यांना बोल लावत खाली आल्या. त्यांनी आधी त्याच्या तोंडावर उजेड टाकला, मग त्याच्या मुठीवर, मग भिंतीवर.

नेव्हिओची नजर टॉर्चच्या उजेडामागे गेली आणि तिथेच थांबली. हिरव्या डागात बाकदार, फिक्या रेघा होत्या. माझ्या जाळीच्या तारांच्या सावल्या रोज तिथेच पडत, म्हणून त्या रेघांकडे कुणी लक्ष दिले नव्हते. पण आता मी विझलेला होतो, आणि सावल्या भिंतीवर तशाच होत्या.

"सिस्टर, टॉर्च जरा हलवा," तो म्हणाला.

टॉर्च हलला. रेघा हलल्या नाहीत.

"जिथं सावली पडते तिथं हिरवं नाही," तो सावकाश म्हणाला. "मळ्याचं पाणी नाही हे. दिवा आहे."

"दिवा काय करणार भिंतीला?"

"उजेड देतो ना. उजेडात रोप वाढतं, तसंच हे वाढतंय. आणि मी त्याला वर पाव घातला."

सिस्टर पायरीच्या कडेवर बसल्या. "मग आता?"

"आता कार्यालयाला कळवायचं."

"दार बंद करतील, नेव्हिओ."

"हो."

"मला त्या उत्तरेकडच्या घरी पाठवतील. तिथं सगळ्या वेळेवर जेवतात म्हणे, आणि जेवताना कुणी बोलत नाही."

"मग कळवू नको का?"

सिस्टरांनी टॉर्च त्याच्या हातात दिला. "मी वर जाऊन लोकांना सांगते, आज चित्र दाखवता येणार नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मित्रांनो, त्या वेळी माझे मन कसे झाले, ते सांगता येत नाही. जिच्या चेहऱ्यासाठी मला खाली आणले, तिच्याच अंगावर मी इतकी वर्षे शेवाळे पोसत होतो. मला कुणी दोष दिला नाही. दिव्याने उजेड दिला, यात त्याचा काय दोष? पण मला फार थकल्यासारखे झाले.

कार्यालयातून लाव्हिनिया नावाच्या बाई आल्या. भिंगातून त्यांनी भिंत पाहिली, काचेच्या नळीत थोडा हिरवा चुरा घेतला. पांढऱ्या लवेशी आल्यावर त्यांनी विचारले, की इथे पाव कुणी वापरला.

"मी," नेव्हिओ म्हणाला.

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

लाव्हिनियाबाईंनी भिंग खाली ठेवले. "माझी आईही असंच पुसायची," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पण बाकीचेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले. खोली अंधारात ठेवायची, दार लावून घ्यायचे. शेवाळे उजेडावाचून मरेल, बुरशीवर औषध करावे लागेल. पुन्हा कधी उघडेल, ते आता कुणी सांगू शकणार नाही. गेलेली करंगळी परत येणार नाही.

शेवटी त्या बाहेर बोळात जाऊन थांबल्या आणि मला विझवण्याचे काम नेव्हिओवर सोपवले. सिस्टर इमेल्दा दारात उभ्या होत्या.

"काहीतरी बोल तिच्याशी," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं बडबडतोयस."

"लोकांशी बडबडलो, सिस्टर. तिच्याशी कधी बोललोच नाही."

मग त्याने बटण फिरवले.

त्यानंतर दोघे कुठे गेले, मला ठाऊक नाही. माझी तार कापली आहे. काच हळूहळू थंड झाली आणि आता भिंतीइतकीच थंड आहे. समोर हातभर अंतरावर ती आहे. हात वर आहेत की नाहीत, ते मला दिसत नाही. हिरवे मात्र आता वाढत नसणार.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन, की जपायचे म्हणजे सारखे बघत राहायचे, असे नसते. कधी तुम्ही एखाद्या जुन्या चित्रापाशी गेलात आणि राखणदार म्हणाला, की आत अंधार आहे, आज दिवा लागणार नाही, तर त्याच्यापाशी हट्ट धरू नका. खिशातला उजेडही काढू नका. त्या माणसाला एकदा विचारा, की आत कोण आहे. तो सांगेल ते नीट ऐकून घ्या, आणि दार लोटून हळूच परत फिरा.