रंगुबाईची फुंकर

मेंढरांसाठी बाभळीच्या फांद्या तोडताना अर्जुनाच्या डाव्या डोळ्यात काटा घुसला. त्याच दुपारी मी त्याला म्हणालो होतो, माझ्या टेम्पोत बस, मिरजेला जाऊ. तो डोळा दाबूनच हसला. घरात डॉक्टरीण असताना मिरजेला कशाला, म्हणाला.

डॉक्टरीण म्हणजे त्याची बायको रंगुबाई. कवठे महांकाळच्या अंगाला पाच-सहा वाड्यांत कुणाच्या मेंढराच्या डोळ्यात फूल पडलं, बुबुळ पांढरं झालं, की तिच्याकडं आणत. ती मीठ नि तंबाखू चावून मेंढराच्या पापण्या दोन बोटांनी फाकवायची आणि सारा चोथा डोळ्यात फुंकायची. आठ दिवसांत डोळा निवळायचा. माझी शेळीही तिनंच बरी केलेली, मग मी कोणत्या तोंडानं वाद घालणार? तिनं नवऱ्याच्याही डोळ्यात फुंकलं, तीन दिवस, दोन्ही वेळा. चौथ्या दिवशी डोळा पुवानं भरला आणि तो भिंतीला डोकं आपटायला लागला. तेव्हा कुठं मंडळी टेम्पोत बसली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, डोळ्यात काय घातलं होतं. अर्जुना म्हणाला, नुसतं पाणी मारलं. रंगुबाई फरशीकडं बघत राहिली. मीही गप्प बसलो, त्याची लाज मला अजून वाटते.

दोन दिवस इंजेक्शनं झाली, दर तासाला थेंब झाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्पष्ट सांगितलं. नजर गेलीय, ती परत येणार नाही. डोळा काढावा लागेल. जमलं तर बाहेरचं पांढरं कवच ठेवून आतलं साफ करू, नाहीतर अख्खा काढू. पुढं दोनेक महिन्यांनी बनवलेला डोळा बसवता येईल. नाही काढला तर पू मागं सरकेल, मेंदूपर्यंत जाईल, माणूसही जाईल. अर्जुना म्हणाला, न्हाई काढायचा.

बाहेरच्या बाकड्यावर मी त्याला चांगलंच झापलं. तो हळू आवाजात बोलला.

"आप्पासो, डोळा काढला की वाडी काय म्हनंल? रंगीनं नवऱ्याचा डोळा फुकून घालवला. आंधळा का हुईना, जाग्यावर असला तर काटा लागला म्हनून भागतंय."

पण रंगुबाई चहा घेऊन मागंच उभी होती. तिनं कप बाकड्यावर ठेवले आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली. दार उघडंच होतं, रांगेतले पेशंट ऐकत होते. मीठ, तंबाखू, तीन दिवस, सगळं तिनं सांगितलं. मग विचारलं, "बाई, माज्या फुकन्यानंच गेला का?"

बाई म्हणाल्या, काट्यानं गेला की फुंकण्यानं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. फुंकल्यानं वाढलं असणार. पहिल्याच दिवशी आला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही.

रंगुबाईला हो किंवा नाही हवं होतं. दोन्हींतलं काहीच मिळालं नाही. ती बाहेर येऊन नवऱ्यापुढं उभी राहिली.

"समद्यांदेखत सांगून आलीया. आता झाकायचं काय ऱ्हायलं न्हाई. सही करा."

त्यानं सही केली. कवचही आतून सडलेलं निघालं, अख्खाच डोळा काढावा लागला.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो. टेम्पोत पुढं आम्ही तिघं. अर्जुना मधे, रंगुबाई पलीकडं खिडकीशी. अर्जुनाच्या तिच्याकडच्या डोळ्यावर पट्टी होती, त्याला ती दिसत नव्हती, म्हणून तिनं मिरजेपासूनच रडून घेतलं, पदर तोंडात कोंबून, आवाज न करता. मला आरशात दिसत होतं. शिरढोण मागं पडलं तसा अर्जुनानं समोर बघतच डावा हात तिच्या बाजूला हलवला. हात दोनदा हवेतच फिरला.

"रंगे, हायस न्हवं?"

"हाय की," ती म्हणाली, आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.