तीनच्या पाटीची बदली

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. अंगावर पांढरा एनॅमल, त्यावर निळ्या रंगाचा मोठा तीनचा आकडा. आकड्याखाली बारीक अक्षरांत पूर्वी 'फूट' होतं, आता 'मीटर' आहे. एवढाच काय तो माझ्यात बदल झाला.

आम्ही तिघी एकाच भट्टीतून निघालो. तीन, सहा आणि दहा. पत्रा कापला, पांढरा लेप चढवला, भाजला, आकडा काढला, पुन्हा भाजला. अशा वेळी फार दुखलं असं लिहायची पद्धत आहे. मला काही दुखलं नाही. मी पत्र्याची आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आम्हाला पोहण्याच्या तलावावर लावलं. उथळ टोकाला मी, मध्ये सहा, खोल टोकाला दहा. दोन्ही टोकांना सारखीच स्टीलची शिडी, सारखाच बाक. एकोणीस वर्षं मी उथळ टोकाला होते. पोहायला शिकवणारे मास्तर नवशिक्यांना 'तीनवाले' म्हणत. "ए तीनवाले, पाय झाडा, पाणी काय चावतंय का?" आया बाकावरून ओरडत, "तीनच्या पुढे गेलास तर तंगडं मोडून हातात देईन!" कोणी माझ्याखालचा 'फूट' वाचल्याचं मात्र मला आठवत नाही. आकडा दिसला की पुढचं वाचायचा माणसाला कंटाळा येतो.

माझ्या तीनवाल्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. मशीन चालवून गुडघे गेलेले. डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. पोहता येत नव्हतं. ती रोज दुपारी माझ्यासमोर उतरायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तासभर चालायची. "मास्तर, आज चाळीस फेऱ्या झाल्या." "अडतीस," मास्तर म्हणायचे. "तुमच्या मापात नेहमी चोरी असते हो," बाई म्हणायची. अशी पाच वर्षं गेली. मग लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने परगावी गेली.

नेमकी त्याच दिवसांत तलावाची मापं बदलली. दुकानांत किलो आणि रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर केव्हाच आले होते; आता कुठे तलावाला पत्र आलं, की महिनाअखेरपर्यंत पाण्याची खोली मीटरमध्ये लिहावी.

तलावाचे चिटणीस हिशेबी गृहस्थ. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर ते उत्तरं लिहीत. असंच एक पाकीट मांडीवर घेऊन ते बाकावर बसले, आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मास्तर, नव्या तीन पाट्या करायचं कारणच नाही. खोल टोकाला तीन मीटर पाणी. तीनची पाटी आपल्याकडे आहेच की! ती उचला आणि तिकडे लावा. दहाचं शून्य खरवडा, झाला एक. तो इकडे. मधली दोनची तेवढी नवी."

मास्तर म्हणाले, "साहेब, लोकांच्या डोक्यात तीन म्हणजे उथळ असं बसलंय."

"खाली मीटर लिहितोय ना आपण? लोक आंधळे आहेत का?"

"आंधळे नाहीत. पण वाचत नाहीत."

"मग तुम्ही कशाला आहात? शिट्टी काय शोभेला घातलीय गळ्यात?"

  मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, माझे चार स्क्रू काढले आणि खोल टोकाला घट्ट पिळले. रंगाऱ्याने 'फूट' पुसून 'मीटर' लिहिलं. बदलीच्या जागी मी पहिल्यासारखीच दिसत होते.

रोजच्या माणसांची काही अडचण झाली नाही. त्यांना तलाव पायांनी पाठ होता. "तीनवाले एकवाले झाले, घसरली पत!" म्हणून ते आठवडाभर हसले, मग विसरले.

त्यानंतर एका दुपारी एक अनोळखी बाई आली. पन्नाशीची, कंबर धरून चालणारी. ही त्या शिवणाऱ्या बाईची धाकटी बहीण. मास्तर तेव्हा मागच्या खोलीत पाण्यात टाकायचं औषध मोजत होते, मोटार सुरू होती. धाकटी पाट्या बघत बघत थेट माझ्यासमोरच्या बाकाशी आली. डोक्यावरची रबरी टोपी ओढताना दोन्ही हात अडकले होते, म्हणून तिने परगावच्या थोरलीचा फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला होता.

"ताई, टोपी बसत नाहीये गं."

"डोकं मोठं आहे तुझं, लहानपणापासून. तीनची पाटी सापडली का?"

"ही काय, समोरच आहे."

"मग झालं तर. शिडीची शेवटची पायरी संपली की खाली फरशीच. कमरेच्या वर पाणी नाही. डोळे मिटून उतर."

"मास्तर दिसत नाहीत."

"येतील. पाण्यात नुसतं चालायला मास्तर कशाला? मी पाच वर्षं चालतेय."

धाकटी शिडीकडे तोंड करून उतरली. पाणी स्वच्छ होतं. स्वच्छ पाण्यात तळ जवळ दिसतो. शेवटच्या पायरीवर पाणी तिच्या कमरेला लागलं, तेव्हा ती क्षणभर थांबली. वर माझ्याकडे पाहिलं. मी तीनच होते. तिने शिडी सोडली.

एकदा हात वर आला. मग नुसती बोटं आली. मग काही आलं नाही.

बाकावरचा फोन बोलत होता. "उतरलीस का? गार आहे ना? पहिल्या दिवशी वाटतं गार. छोटे? अगं बोल की. टोपीत कान अडकले का?"

मास्तर औषधाची बादली घेऊन बाहेर आले. रिकाम्या तलावाकाठी त्यांना बाईचा आवाज ऐकू आला. ओळखीचा आवाज. त्यांनी बाकाकडे पाहिलं, बाकाखालच्या चपला पाहिल्या, मग वर मला पाहिलं. बादली तिथेच सुटली. ते चष्म्यासकट पाण्यात गेले.

धाकटी वाचली. नऊ दिवस दवाखान्यात होती. मला सुटल्यासारखं वाटलं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मला काहीच वाटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी खरं तेच दाखवलं होतं.

समितीची बैठक भरली. चिटणीस म्हणाले, "मीटर लिहिलेलं होतं." ते कोणालाच नाकारता येईना. थोरली म्हणाली होती ते तिच्या काळात खरं होतं. सगळेच बरोबर होते. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाटी मी लावली." त्याच संध्याकाळी कोणाला न विचारता त्यांनी मला उतरवलं आणि मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे. काचेवर धूळ आहे, पण उथळ टोक दिसतं.

दोन महिन्यांनी दोघी बहिणी आल्या. धाकटी कोरड्या कपड्यांत बाकावर बसली. थोरली पाण्यात उभी राहिली. असं चार दिवस झालं. थोरली चालली नाही, फेऱ्या मोजल्या नाहीत आणि मास्तरांनीही विचारलं नाही. पाचव्या दिवशी धाकटी कपडे बदलून आली आणि शिडीवर थांबली.

"किती आहे ते सांगू नकोस मला," ती म्हणाली.

"नाही सांगत."

थोरली शिडीखाली आली. तिने बहिणीचं पाऊल हातात धरलं, हळूहळू खाली नेलं आणि फरशीवर टेकवलं.

"लागली?"

 धाकटीने दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती.

"लागली," ती म्हणाली. पण शिडी सोडली नाही. थोरली तिच्याजवळ तशीच उभी राहिली.

तर मित्रांनो, आकडा सांगाल तेव्हा तो कशाचा आहे तेही सांगा. जुनी पाटी नव्या जागी लावाल, तर आधी जुन्या माणसांना बोलावून दाखवा. आणि कोणी कितीही मायेने 'डोळे मिटून उतर' म्हणालं, तरी पाय टेकल्याशिवाय हात सोडू नका. मी नुसती पाटी आहे. मी कोणाला हाक मारू शकत नाही.