अपघाताविना दिवस

ओव्हाळांनी फलकावरचे दोनशे दहा पुसले आणि खडू टेकवला, तसा ओल्या पत्र्यावर दोनच्या शेपटीवरून पाण्याचा ओघळ खाली गेला. त्यांनी चरफडत फडकं गटारावर धरून पिळलं. वाटीभर पाणी निघालं. रोज सकाळी नीलाबाई हे फडकं भिजवून, घट्ट पिळून नवऱ्याच्या हातात द्यायच्या. हल्ली काही महिने त्या ते टपटपतंच देत होत्या. "साधं फडकं पिळता येत नाही," असं पुटपुटत ओव्हाळांनी आकडा पुन्हा काढला. दोनशे अकरा.

फलक मैत्री कॉलनी रहिवासी संघाचा. चिखलीतला वर्कशॉपांकडे जाणारा रस्ता कॉलनीपाशी एकदम वळतो, तिथल्या खांबावर तो लावलेला होता. खाली बारीक अक्षरांत कॉलनीच्या बातम्या असत: उद्या पाणी नाही, रविवारी रक्तदान, कुणाच्या तरी मुलीला नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. त्या वाचायला कुणी थांबत नसे, कारण आदल्या रात्रीच त्या सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेल्या असत. पण वरचा ठळक आकडा जाता-येता प्रत्येक जण बघायचा. 'या वळणावर अपघाताविना दिवस.'

कल्पना धम्मपाल ओव्हाळांची. चाकणच्या कंपनीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तिथे गेटातच असा फलक होता. गेल्या जूनमध्ये कॉलनीतल्या शालनबाई दूध घेऊन येत असताना या वळणावर टेम्पोने त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अजून लेकीकडे खाटेवर आहेत. त्या आठवड्यात संघाने गतिरोधकासाठी पहिला अर्ज दिला आणि ओव्हाळांनी शून्यापासून मोजायला सुरुवात केली. शंभराव्या दिवशी त्यांनी स्वतः पेढे वाटले. अर्जांना मात्र उत्तर नाही. पहिला गहाळ झाला, दुसरा चुकीच्या टेबलावर गेला, तिसऱ्यावर शिक्का नव्हता. चौथ्या अर्जावर आज अखेर रस्त्यांचं काम बघणारे साहेब पाहणीला येणार होते. उद्या दुपारी यंदाच्या कामांची यादी वर जाणार होती. त्यात हे वळण नसलं, तर पुढचं वर्षभर गतिरोधकाचं नाव काढायची सोय नव्हती.

साहेब अकराला आले. तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी रस्त्यावर पसरलेली खडी बघितली, लोखंडी पत्र्याची भेंडोळी लादलेला एक ट्रक वेग कमी न करता वळला तोही बघितला. मग ते फलकापुढे उभे राहिले.

"काका, हे तुम्ही लिहिता?"

"रोज. एक दिवस चुकवलेला नाही," ओव्हाळ छाती काढून म्हणाले.

"म्हणजे सात महिन्यांत एकही अपघात नाही?"

"एकही नाही."

साहेबांनी मोबाइल काढून फलकाचा फोटो घेतला.

"मग गतिरोधक कशाला हवा? माझ्याकडे अशी ठिकाणं आहेत जिथे महिन्याला दोन-दोन माणसं पडतात. ती सोडून इथे कसा देऊ?"

"अहो, आत्ता तो ट्रक कसा गेला, बघितलंत ना तुम्ही!"

"मी बघून काय उपयोग? नोंद लागते. आणि नोंद तर तुमच्याच संघाची आहे, इतकी ठळक." साहेब गाडीत बसता बसता थांबले. "उद्या दुपारच्या आत काही लेखी असेल तर आणून द्या. मी जोडतो."

गाडी गेली आणि ओव्हाळांच्या अंगाची लाही लाही झाली. सात महिने उन्हापावसात उभं राहून आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. राग कुणावर काढावा तेवढं मात्र कळेना. त्यांनी खडूचा तुकडा गटारात भिरकावला, आणि तो शेवटचा होता हे आठवून आणखीच चिडले.

पाच वाजता संघाची माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर जमली. चौदा डोकी होती. ओव्हाळांनी झालेलं सगळं सांगितलं आणि शेवटी त्यांचा आवाज चढला.

"आता अपघात आणू कुठून? उद्या दुपारच्या आत कुणाला ढकलू ट्रकपुढे?"

मागच्या ओळीतला ज्ञानेश हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होता. हा लातूरकडचा पोरगा चाकणला कामाला होता आणि ओव्हाळांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा.

"काका, मी पडलो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"एकशे एकोणपन्नास होतं तेव्हा. सेकंड शिफ्टला जाताना खडीवरून गाडी घसरली. आठ टाके पडले गुडघ्याला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी दीडशे होणार, असं तुम्ही ग्रुपवर टाकलं होतं. मनलं, आपल्यामुळं कशाला मोडायचं."

वळणावर भाजी विकणाऱ्या छबूबाईंनी पदर सावरला. कॉलनी उभी आहे ती जमीन कधीकाळी त्यांच्याच सासऱ्याची.

"ह्यो काय एकला न्हाई, दादा. माजी सूनबी पडली हाय. आट-नऊ जन तरी पडलं आसतील. समद्यांना म्याच पानी पाजलंय."

"मग माझ्यापाशी का नाही बोललात?"

"तुमी रोज सकाळी येवढ्या हौसंनं लिवता. कोन सांगनार तुमाला?"

ओव्हाळांना ओरडायचं होतं. ही काय शर्यत लावली होती का मी? पण त्यांची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. त्यांची तर्जनी वाकडी होती. कंपनीच्या फलकावर तीनशे अठ्ठ्याऐंशी होते, तेव्हा ती प्रेस मशीनमध्ये चेचली होती. चारशे झाले की प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळणार होता. सुपरवायझर काही म्हणाला नाही, त्याने नुसतं फलकाकडे बघितलं. ओव्हाळांनी पंधरा दिवस रजा टाकली आणि घरी सांगितलं, बसच्या दारात बोट सापडलं. डबा मिळाला. अजून त्यात साखर असते.

"वही द्या," ते हळू आवाजात म्हणाले.

एकेक जण पुढे आला. तारीख कुणालाच सांगता येईना, आकडा मात्र प्रत्येकाला पाठ होता. अठ्ठावीस, त्रेसष्ट, एकशे बारा. ओव्हाळांनी आकड्यांवरून तारखा काढल्या, नावं लिहिली, पुढे कुठे लागलं ते लिहिलं, सह्या घेतल्या. नऊ नावं झाली.

घरी आल्यावर ते पाय धुवायला बाथरूममध्ये गेले. पायाखाली हिरवी रबरी चटई होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नीलाबाई इथे घसरून मनगटावर पडल्या, तेव्हा ओव्हाळांनी ती आणली होती. त्या दिवशी ते बायकोला बरंच बोलले होते. घरातल्या घरात माणूस पडतंच कसं, लक्ष असतं कुठे, वगैरे.

नीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"किती झाले?"

"नऊ. दहा असते तर कागदाला वजन आलं असतं."

"मग दहावं लिहा. एकशे सात."

"अगं, आकडा काय सांगतेस? नाव सांग."

नीलाबाईंनी चटईकडे बघितलं.

"मी इथे नव्हते पडले," त्या म्हणाल्या.

ओव्हाळ तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. नळ चालूच होता.

"मी केवढं बोललो तुला त्या दिवशी."

"बोललात."

"सांगायचं होतंस, नीला."

"तुम्ही तरी बोटाचं खरं कुठे सांगितलं होतंत? मी कोपऱ्यापर्यंत यायचे तुमच्याबरोबर. त्या बसला दारच नव्हतं."

ओव्हाळांनी नळ बंद केला. त्यांनी ओल्या हातांनीच वही उघडली, दहाव्या ओळीत बायकोचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: उजवं मनगट. सहीसाठी वही पुढे केली. नीलाबाईंनी पेन डाव्या हातात घेतलं आणि सावकाश, शाळेतल्या पोरीसारखी, सही केली.

"आता अंधार पडायच्या आत शून्य लिहून या," त्या म्हणाल्या. "माझा खडू आहे शिवणाच्या डब्यात, तो न्या."

त्यांनी कोपऱ्यातलं फडकं नळाखाली धरलं. उजव्या हाताची मूठ वळायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. त्यांनी फडकं टपटपतंच पुढे केलं. ओव्हाळांनी ते घेतलं आणि स्वतः पिळलं.