गालावर उरलेले डाग

माझ्या बायकोचं, जयलक्ष्मीचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, तेव्हा माझी बहीण भारती एक फ्रेम केलेला फोटो घेऊन घरी आली. वरचा कागद काढला तर आत कुणीतरी गोरी बाई होती. नाक जयलक्ष्मीचं, कानातल्या कुड्या जयलक्ष्मीच्या. चेहरा तिचा नव्हता.

भारतीनं आपल्या मुलीच्या लग्नातला फोटो दाजीबानपेठेतल्या एका स्टुडिओत दिला होता. त्यात जयलक्ष्मी मागच्या रांगेत, गालावर पदर ओढून उभी होती. हल्ली संगणकावर सगळं होतं. स्टुडिओवाल्यानं पदर सरकवला, वांगाचे डाग पुसले आणि वर रंगही उजळून दिला.

"अण्णा, बघ की, किती छान दिसते," भारती म्हणाली. "जिवंतपणी नाही गेले ते डाग. आता तरी जाऊ देत."

मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली. हा भिंतीवर लागणार नाही एवढंच सांगितलं. मग दुसरा आण, म्हणाली.

दुसरा नव्हताच. आमच्या लग्नाचा अल्बम कधीच पावसात भिजून गेला होता. पुढं आमचा अनिकेत पोटात असताना जयलक्ष्मीच्या गालांवर वांग आले. आमच्याकडं मराठीइतकीच कन्नड चालते, कन्नडात त्याला बंगू म्हणतात. आमच्या गल्लीनं तिला दोन्ही भाषांत ऐकवलं. हळदीकुंकवाला गेली की कुंकू लावणारी बाई तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवायची आणि उपाय सांगायची. जायफळ उगाळून लाव, लिंबू चोळ. कुणी म्हणायची लिव्हर तपासा. घरात सुख नसलं की असं येतं, हे तर एकीनं माझ्यासमोर सांगितलं.

पुढं भारतीनं औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितली नाही. आधी डाग फिके झाले, तेव्हा भारती गल्लीभर सांगत सुटली. नंतर चेहरा लाल झाला, बारीक शिरा दिसू लागल्या, गॅसपुढं उभं राहिलं की आग व्हायची. ट्यूब थांबवली की डाग पहिल्याहून काळे. जयलक्ष्मी ती वर्षानुवर्षं लावत राहिली आणि तिनं फोटो काढून घेणं सोडलं. कुणी मोबाईल वर केला की ही स्वयंपाकघरात.

धारवाडला त्वचेच्या एक डॉक्टर भेटल्या, त्या शेवटच्या दोन वर्षांत. त्यांनी ट्यूबवरचं वाचलं आणि सांगितलं, यात स्टेरॉइड आहे, हे रोज लावायचं नसतं. ती कशी सोडायची तेही शिकवलं. वांग बाळंतपणानं येतात, उन्हानं वाढतात, काही घराण्यांत असतात. कुणाच्या पापानं येत नाहीत. पुरते जातील असं वचन देत नाही, म्हणाल्या, पण कमी होतील, आणि ऊन लागलं तर परत येतील. रोज सकाळी सनस्क्रीन, दुपारी पुन्हा, ढग असले तरी. रात्रीचं मलम त्या सांगतील तेवढेच दिवस. जयलक्ष्मी भाजीला छत्री घेऊन जाऊ लागली. राणीसाहेब निघाल्या, म्हणून भारती हसायची. जयलक्ष्मीनं छत्री सोडली नाही.

मग एका सकाळी तिचं हृदय बंद पडलं. त्या ट्यूबचा याच्याशी संबंध नाही. मी विचारून घेतलं आहे.

दर खेपेला डॉक्टर तिचा फोटो काढून ठेवायच्या, हे भारतीनं दुसरा आण म्हटल्यावर मला आठवलं. मी धारवाडला गेलो. पेशंटचे फोटो आम्ही देत नाही, त्या म्हणाल्या. मी सांगितलं की घरात तिचा चेहराच नाही. त्यांनी संगणक माझ्याकडं फिरवला आणि पहिला फोटो आणि शेवटचा शेजारी शेजारी लावला. पहिल्यात दोन्ही गाल काळवंडलेले. शेवटच्यात डाव्या गालावर पातळ चहाच्या रंगाचं थोडं उरलं होतं. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणूनच फोटो काढतो, त्या म्हणाल्या. हा काढला त्या दिवशी जयलक्ष्मीनं त्यांना विचारलं होतं, आता स्टुडिओत जाऊन यांच्यासोबत एक काढू का. काढा की, असं त्यांनी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात ती गेली.

मी शेवटचा मागितला. त्यांनी दिला.

भारतीनं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. दवाखान्यात फोटोआधी चेहरा पुसून घेतात, त्यामुळं कुंकू नव्हतं. "सवाष्ण गेलेली बाई, आणि मोकळं कपाळ भिंतीवर लावणार? दे इकडं. स्टुडिओवाला कुंकू घालेल, आणि गालावर जेवढं उरलंय तेही काढेल."

"जेवढे गेले तेवढे तिनं घालवले," मी म्हणालो. "उरलेले तू घालवायचे नाहीस."

ती रडायला लागली. तिच्या भल्यासाठीच म्हणते मी, म्हणाली. ट्यूब आणलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस, असं मी सांगितलं. ती तशीच निघून गेली.

श्राद्धाच्या दिवशी फोटोच्या काचेवर, कपाळाच्या जागी, मी बोटानं कुंकू लावलं. बायका येऊन पाया पडल्या. पाटावर बसताना त्या आपसात कुजबुजल्या, याहून बरा फोटो नव्हता का घरात. मला ऐकू जाईल एवढ्याच हळू. अनिकेत काही बोलायला निघाला होता. मी त्याला वाढायला घे म्हटलं.