किरपानबाईंचा स्पॉट

नाटक रंगलं की लोक नटांना भेटायला जातात, पडलं की दिग्दर्शकाला शिव्या घालतात. लाईटवाल्याकडे कोणी फिरकत नाही. एखादा दिवा गेला तर मात्र अख्खं सभागृह मान वळवून माझ्या केबिनकडे बघतं, तेही रागाने. भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांना मी सत्तावीस वर्षं लाईट दिला. ‘उमाकांतराव, तिसऱ्या अंकातली संध्याकाळ छान जमली हो’ असं आजवर एकाही माणसाने म्हटलेलं नाही. संध्याकाळ आपोआप होते, असा लोकांचा समज आहे.

नोकरी रेल्वेत, चरोद्याच्या यार्डात इलेक्ट्रिशियन. लग्न राहिलं. आधी दोन बहिणींची करायची होती, मग आईने अंथरूण धरलं, आणि ते सगळं उरकेपर्यंत माझ्यासाठी स्थळ आणणारे लोकच संपले. रिटायर झाल्यावर भिलाईतच, जुनवानीत, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. संध्याकाळी घरात टीव्ही लावून ठेवतो. बघत नाही, पण कोणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं. हे रडगाणं नव्हे, आहे ते सांगतोय.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. नाटक संपल्यावर पडदा पुन्हा उघडतो आणि सेक्रेटरी शेषराव माइकवर एकेकाचं नाव घेतात. याला आम्ही ‘ओळख’ म्हणतो. नाव येईल तो पुढे येऊन नमस्कार करतो आणि त्याच्या घरचे टाळ्या पिटतात. नट, मेकअपवाला, पडदा ओढणारा, अगदी तालमीला चहा पोचवणाऱ्या मैनाबाईसुद्धा स्टेजवर येतात. लाईटवाला तेवढा येऊ शकत नाही, कारण तो खाली आला तर बाकीच्यांना अंधारात नमस्कार करावा लागेल. म्हणून सगळ्यांत शेवटी शेषराव म्हणतात, “आणि प्रकाशयोजना, उमाकांत लांजेवार!” मी केबिनमधून सगळे दिवे एकदा मालवून पुन्हा लावतो. लोक हसतात. झाली माझी ओळख.

माझ्या पहिल्याच नाटकाच्या ओळखीत सत्यभामा किरपान हे नाव पुकारलं गेलं. बाई शाळेत शिकवायच्या, नेहरू नगरात राहायच्या, नवरा भाऊराव रेल्वेत गार्ड. बाई पुढे आल्या, नमस्कार केला. मग उजवा हात कपाळापर्यंत उचलला, तळवा बाहेर, आणि सभागृहाच्या पार मागे, वर, थेट माझ्या केबिनकडे बघून हसल्या. मी मागे वळून पाहिलं. केबिनमध्ये माझ्याशिवाय फक्त एक टेबल फॅन होता.

आता याला लाईटवाल्याने काय उत्तर द्यावं? ओरडता येत नाही. केबिनमध्ये काळोख, हात हलवला तरी कोणाला दिसणार? माझ्या हाताशी दिवा कमीजास्त करायची डिमरची पट्टी होती. बाईंचा स्पॉट, म्हणजे त्यांच्या एकटीवरचा दिवा, साठ टक्क्यांवर होता, तो मी हळूच सरकवत फुल केला. बाईंचा हात आणखी वर गेला. हसूही वाढलं.

त्यानंतर दरवर्षी हेच. गणपतीतलं नाटक, ओळख, बाईंचा हात, माझा लाईट. आम्ही याविषयी एक अक्षर कधी बोललो नाही. तालमीला भेटलो तर “काय लांजेवारभाऊ, बरे आहात ना?” आणि “हो बाई, तुमी?” एवढंच. भाऊराव होते तोवर बोलायचा प्रश्नच नव्हता, तेवढी अक्कल मला होती. भाऊराव वारले त्या वर्षी बाईंनी नाटक केलं नाही. पुढच्या वर्षी केलं. ओळखीत त्यांचं नाव आलं तेव्हा माझा हात आधीच पट्टीवर होता. बाईंनी हात वर केला. मी लाईट फुल केला, घरी येऊन तूप घालून शिरा केला आणि एकट्याने सगळा खाल्ला. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

पण बोललो नाही. आधी बोलणं बरं दिसलं नसतं, नंतर बोलायची सवय उरली नव्हती. वर्षातून एकदा एक बाई भरल्या सभागृहात आपल्याकडे बघून हात करते, यावर माणूस किती वर्षं काढू शकतो? मी काढली.

यंदा माझा पुतण्या भूषण नागपूरहून मागे लागला. “काका, एकटे काहून पडून राहिले तिकडं? खोली रिकामी करून ठेवली तुमच्यासाठी. सोमवारी गाडी घेऊन येतो, सामान भरू.” मी म्हटलं, रविवारी नाटक आहे, ते झालं की सांगतो. त्याला वाटलं मी नाटकासाठी थांबतोय. मी बाईंसाठी थांबलो होतो. पासष्टाव्या वर्षी माणसाने काय विचारायचं असतं, ते मी बऱ्याचदा घोकलं होतं. मोठं काही नाही. ‘बाई, मी इथेच राहिलो तर तुम्हाला आवडेल का?’ बाई हो म्हणाल्या तर जुनवानी सोडायची नाही. नाही म्हणाल्या तर सोमवारची गाडी होतीच.

आणि मला हे केबिनमधून विचारायचं नव्हतं. एकदा तरी ओळखीत बाईंच्या शेजारी उभं राहायचं होतं.

म्हणून मी परागला धरलं. पराग पावर हाउस भागात लाईट-साउंड भाड्याने देतो. बायको-मुलांचा माणूस आहे, मराठी घरापुरतं बोलतो. पुढच्या वर्षीपासून मंडळाचं काम त्याच्याकडेच जाणार होतं. त्याला म्हटलं, “फक्त ओळख सांभाळ. शेषराव नाव घेतील तसा एकेक स्पॉट दे. सगळं लिहून ठेवलं आहे.” माझी क्यू शीट मी त्याच्यापुढे ठेवली. सगळ्या नावांपुढे साठ, आणि एकापुढे लाल पेनने: किरपानबाई, हात वर करतील तेव्हा फुल.

“ये क्या है काका?” परागने विचारलं.

“बाई आपल्या केबिनकडे हात करतात. दरवर्षी. आपण लाईट वाढवून उत्तर द्याचं.”

“वा काका!” तो डोळा मारून हसला. मी त्याला गप्प बस म्हटलं, पण खोटं कशाला बोलू, तो हसला ते मला आवडलं.

संध्याकाळी हॉल कुठल्याशा डान्स क्लासला दिला होता, त्यामुळे आमचा प्रयोग सकाळी अकराचा. बाई मेकअप करून विंगेत बसल्या होत्या. यंदा त्या आजेसासू होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून समोर जाऊन उभा राहिलो.

“बाई, प्रयोग झाल्यावर दोन मिनिटं बोलाचं होतं.”

“आताच बोला ना.”

“नाई, मंग. निवांत.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि आरशात टिकली नीट करू लागल्या.

त्या दिवशी मी जसा लाईट दिला तसा आयुष्यात दिला नव्हता. तिसऱ्या अंकातली संध्याकाळ इतकी हळू उतरवली की मला स्वतःलाच दिवेलागणीची हुरहुर वाटली. नेहमीप्रमाणे कोणाच्या लक्षात आलं नाही. पडदा पडताच परागला खुर्चीवर बसवलं, जिना उतरलो आणि बाजूच्या बोळातून विंगेत पोचेपर्यंत मला धाप लागली.

शेषराव माझ्याकडे बघतच राहिले. “अरे, तू इथं? लाईटवर कोण आहे?”

“पराग आहे. शेषराव, या वर्षी माझं नाव बाईंच्या आधी घ्या.”

“काहून?”

“घ्या ना राजे हो!”

ओळख सुरू झाली. नावं झाली, टाळ्या झाल्या. “प्रकाशयोजना, उमाकांत लांजेवार!” मी पुढे गेलो. माझ्यावर स्पॉट आलाच नाही, कारण क्यू शीटमध्ये मी सगळ्यांची नावं लिहिली होती, माझं लिहिलंच नव्हतं. अर्धवट उजेडात नमस्कार केला आणि बाजूला सरकून जागा ठेवली.

“आणि आपल्या सगळ्यांच्या ज्येष्ठ कलाकार, सत्यभामा किरपान!”

बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नमस्कार केला. मी मान वर करून माझ्या केबिनकडे पाहिलं. तिथे बसलेला मी कसा दिसत असेन, हे मला एकदा त्यांच्या जागेवरून बघायचं होतं.

परागने फुल दिला.

समोर पांढऱ्या उजेडाशिवाय काही राहिलं नाही. केबिन गेली, बाल्कनी गेली, पहिल्या रांगेतले लोकही गेले. डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा उजवा हात आपला आपण कपाळाशी गेला. तळवा बाहेर.

मी तसाच उभा राहिलो. शेजारी पाहिलं. बाईंचाही हात तसाच वर होता. त्या हसत नव्हत्या. उजेडामुळे त्यांनी डोळे बारीक केले होते, त्यामुळे गाल वर चढले होते. लांबून ते हसू दिसतं. मी सत्तावीस वर्षं लांबूनच पाहिलं होतं.

इलेक्ट्रिशियन माणूस मी. दिवे लावताना शेकडो वेळा स्टेजवर आलो, पण शिडीवर चढून, दिव्यामागे उभा राहून, सभागृहाचे लाईट चालू असताना. हजार वॉटचा दिवा डोळ्यांत गेला की काय होतं, हे मला माहीत नसावं? माहीत होतं. फक्त बाईंच्या बाबतीत मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. दरवर्षी त्या माझ्या लाईटपासून डोळे वाचवायच्या आणि मी खूश होऊन तो आणखी वाढवायचो.

बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, “आता समजलं का, भाऊ? इतके वर्षं आंधळी करून राहिले तुमी मले.” आवाजात राग नव्हता, उलट गंमत होती. “दरवर्षी म्हणो, या माणसाले सांगावं. मंग वाटे, जाऊ द्या. वर्षातून एकदाच तं लाईट मारते बिचारा.”

टाळ्या वाजल्या. पडदा पडला. सगळे फोटोसाठी एकमेकांच्या गळ्यात पडत होते. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“हं, बोला. काय बोलाचं होतं?”

घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. त्यांच्या डोळ्यांतून अजून पाणी गळत होतं.

“हेच बोलाचं होतं,” मी म्हटलं. “लाईट जरा जास्त होतो माझा. माफ करा.”

“अरे बापा! एवढ्यासाठी स्टेजवर आले तुमी?” बाई मनापासून हसल्या. तसं हसताना मी त्यांना याआधी पाहिलं नव्हतं. गालाला खळी पडत होती, ती केबिनमधून कधी दिसली नव्हती. “शेषराव म्हणत होते, नागपूरले जाऊन राहिले म्हणून. जा हो. या वयात घरची माणसं जवळ पाहिजेत. मी बी पोरीकडं जाऊ म्हणते रायपूरले.” त्यांना कोणीतरी फोटोला हाक मारली. “येते,” म्हणत त्या गेल्या.

मी जिना चढून केबिनमध्ये आलो. पराग वायर गुंडाळत होता.

“काका, टायमिंग परफेक्ट था ना? हात वर गेला अन् मी फुल दिला.”

“परफेक्ट.”

क्यू शीट टेबलावर होती. मी लाल अक्षरांवर काट मारली, निळ्या पेनने चाळीस लिहिलं आणि कागद परागच्या हातात दिला.

“पुढच्या वर्षी बाई असतील तर हे ध्यानात ठेव. चाळीसच्या वर जायचं नाही. साठसुद्धा त्यांच्या डोळ्यांत जातो.”

परागने कागद वाचला. “पण काका, मग त्या हात नाही करणार ना.”

“नाही करणार,” मी म्हटलं, बोर्डाचा मेन स्विच बंद केला आणि भूषणला फोन लावून उद्या गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं.